जेवणाआधीची गोळी

अस्वल न्हाव्याकडे दाढी करायला गेलं, ही गोष्ट सकवारक्कांनी आयुष्यात किती वेळा सांगितली असेल त्याला हिशेब नाही. येलहंक्याच्या सरकारी शाळेत पहिलीच्या मुलांना ती कन्नडमधून सांगितली, घरी मुलाला, शंभूराजला, मराठीतून सांगितली, आणि निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्यांच्या मुलांना त्या ती सांगत होत्या. गोष्टीत एक ठरलेली जागा होती. न्हावी अस्वलाच्या गळ्याला साबण लावतो आणि अस्वलाला गुदगुल्या होतात. तिथं अक्का मान आखडून, एक डोळा मिटून, ओठ कानाकडे ओढून असं काही तोंड करायच्या की मुलं सतरंजीवर लोळायची.

त्या रविवारी कुणी हसलं नाही.

अक्कांना वाटलं, मुलांचं लक्ष नसेल. त्यांनी अस्वलाला पुन्हा एकदा साबण लावला. पुढं बसलेल्या मल्हारनं शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "अक्का रागावल्यात का गं?"

"नाही रे राजा, अस्वलाला गुदगुल्या होताहेत," अक्का म्हणाल्या.

मल्हारनं शहाण्यासारखी मान हलवली. पण तो हसला नाही, उलट बसल्या जागी थोडा मागं सरकला.

मुलं गेल्यावर मल्हारची आई आसावरी सतरंजी गुंडाळायला थांबली. ही आसावरी पुण्याची, एका आयटी कंपनीत कामाला. हा मराठीचा वर्ग तिनंच सुरू करवला होता. सुरुवातीला सोसायटीतल्या काही पालकांनी नाकं मुरडली होती. अक्कांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं, त्यांची मराठी कन्नडच्या मांडीवर वाढलेली. मल्हारनं एकदा घरी "आई, स्वल्प भात वाढ" म्हटलं तेव्हा त्याच्या बाबांनी, अजितनं, कपाळाला हात लावला होता. पण मुलं रविवारी स्वतःहून उठून वर्गाला पळायची, त्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

"अक्का, एक दाखवू? रागावणार नाही ना?" आसावरीनं फोन पुढं केला. मघाशी तिनं गोष्टीचा व्हिडिओ काढला होता.

अक्कांनी पाहिलं. आवाज अस्वलाचा होता, खास होता. पण तो ज्या तोंडातून येत होता ते तोंड पुसलेल्या पाटीसारखं कोरं होतं. डोळे लवत नव्हते. गाल जागचे हलत नव्हते. आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात आपला आपणच नाणी मोजल्यासारखा थरथरत होता.

"ही मी?"

"गेले दोन-तीन महिने वाटतंय मला. आधी म्हटलं, दमला असाल."

"पण मी तोंड करत होते गं! मला आतून कळतंय ना, मी करत होते."

आसावरीचा चेहरा सगळं बोलत होता, आणि अक्कांच्या मनात आलं, असं असायचं ते चेहऱ्याचं काम.

घरी शंभूराजलाही वेगळं सांगावं लागलं नाही. आई चप्पल घासत चालते, अंगणातून दारापर्यंत यायला वेळ लावते, हे तो पाहतच होता. त्यानं रजा टाकली आणि तो आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी अक्कांना चालवून पाहिलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कोपर वाकवून पाहिलं, आणि विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

शंभूराजनं स्टीलचा डबा उघडून दाखवला. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी.

"आणखी काही?"

"आणखी काही नाही," अक्का म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं पार्किन्सनची आहेत. शंभूराजला तो शब्द लागला, अक्कांना त्याचं मराठी लागलं. कंपवात. त्यांच्या रघुजीमामांना तो झाला होता. शेवटची वर्षं मामा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. घरातल्या मुलांना "जा, मामांना नमस्कार करून ये" म्हणून आत ढकललं जायचं आणि मुलं नमस्कार करून पळत सुटायची. मामा मुलांवर जीव टाकायचे हे मोठ्यांना ठाऊक होतं. मुलांना कसं ठाऊक असणार? त्यांना फक्त दगडाचं तोंड दिसायचं. पळत सुटणाऱ्या त्या मुलांत लहानगी सकवारही होती.

म्हणून आजाराचं नाव ऐकल्यावर अक्कांना मरणाची भीती वाटली नाही. खुर्चीचीही वाटली नाही. मुलं आपल्यापासून मागं सरकतील, ही वाटली.

नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि वेगळंच प्रकरण उभं राहिलं. मळमळ. सकाळी उठावं तर मळमळ, ताट समोर आलं की मळमळ, चार घास खाल्ले की पोट गळ्यापर्यंत. दुपारचा भात संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर. पोटाचं दुखणं तसं जुनंच होतं, पण ते अक्कांनी कधीच काबूत आणलेलं होतं, एका गोळीवर.

त्या गोळीचं घरातलं स्थान सांगायला हवं. औषधं फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात राहत. ही गोळी स्वयंपाकघरात, मिठाची बरणी आणि चिंचेचा डबा यांच्या मधे राहायची. तीन वर्षांपूर्वी दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं, ढेकर थांबेनात, तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. "जेवणाच्या अर्धा तास आधी," ते म्हणाले होते. गोळीनं जादू केली. पुढं ते डॉक्टर दवाखाना बंद करून दुसऱ्या गावी गेले, चिठ्ठी कुठंतरी हरवली, पण मेडिकलवाल्याला रिकामी स्ट्रिप दाखवली की तो भरलेली द्यायचा. पुढं पुढं स्ट्रिपही दाखवावी लागेना. "अक्का, नेहमीचं ना?" कॉफीपूड घ्यावी तशी ती घरात यायची. के. आर. पुरमला नात्यातल्या एका लग्नात अक्कांनी जिलबीच्या पंगतीत चौघांना त्या वाटल्याही होत्या. गॅसची गोळी! तिला औषध कोण म्हणतं? मीठ-चिंचेला कुणी औषध म्हणतं का?

आता मळमळ वाढली तशी अक्कांनी दिवसाची एक गोळी वाढवली. मग आणखी एक. पोट जरा हलकं व्हायचं, पण हात जास्त थरथरायचा. मेंदूच्या डॉक्टरांनी थरथर पाहून त्यांची गोळी वाढवली. त्यानं मळमळ वाढली. असं ते चाक फिरत राहिलं आणि अक्का वाळत चालल्या.

एका रविवारी त्यांनी चित्रांच्या तक्त्यांची पिशवी आसावरीच्या हातात दिली.

"वर्ग तू घे. मी नाही येत यापुढं."

"मी? अक्का, माझ्या मराठीत अर्धं इंग्रजी असतं."

"माझ्या मराठीत अर्धं कन्नड. इतके दिवस मुलांनी चालवून घेतलंच ना?"

"मुलं तुमच्यासाठी येतात हो. मराठीसाठी कोण येतंय!"

"येत होती," अक्का म्हणाल्या. "परवा ती लहानी मला बघून आईच्या मागं लपली. मी तिच्याकडं बघून हसत होते, आसावरी. हसत होते मी."

आसावरीनं पिशवी घेतली, पण सांभाळायला घेतल्यासारखी घेतली.

अक्कांचं वजन उतरलेलं पाहून शंभूराज त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉ. प्रतिमा. त्यांची आई बेळगावची, त्यामुळे मराठी छान, आणि जीभ तिखट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साखर जुनी असली की पोटाच्या नसा मंदावतात," त्या म्हणाल्या. "पोट वेळेवर रिकामं होत नाही. तुमचं किती मंद आहे ते आधी मोजू. एक तपासणी आहे. इडली खायची."

"इडली?" अक्कांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"इडलीच. तिच्यात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य घातलेलं असतं, त्रास काही नाही. मग कॅमेऱ्यानं दर थोड्या वेळानं पोटाचा फोटो काढतात. इडली किती पुढं गेली, किती मागं राहिली, सगळं दिसतं. फक्त आधी तीन दिवस पोटाचं कुठलंही औषध घ्यायचं नाही, नाहीतर मोजमाप चुकतं."

घरी शंभूराजनं दोनदा विचारलं, "आई, पोटाचं काही औषध घेतेस का?"

"पोटाचं औषध कुठलं? पोटाला काय झालंय हेच अजून कळायचंय, त्याआधी औषध कसलं?"

तर्क बिनतोड होता.

तपासणीच्या दिवशी दोघं, अक्का उपाशीपोटी, मुक्कामाला आल्यासारखी सकाळीच रुग्णालयात पोचली. अक्कांनी येणाऱ्या-जाणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं, "इडली किती वाजता रे बाबा?"

"नऊला, अक्का."

अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. त्यांनी पर्स उघडली, स्ट्रिप काढली, अंगठ्यानं गोळी बाहेर ढकलली आणि म्हणाल्या, "मग स्वल्प पाणी दे. घोटभर."

"पाणी? उपाशी यायला सांगितलं होतं ना?"

"उपाशीच आहे. ही जेवणाआधीची गोळी. अर्धा तास आधी घ्यावी लागते."

तंत्रज्ञानं एकदा गोळीकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे, आणि तो जवळजवळ धावतच आत गेला. शंभूराज बाहेर फोनवर बोलत होता, तो धावपळ बघून आत आला. तोवर डॉ. प्रतिमा येऊन समोर उभ्या होत्या.

"अक्का, औषधं तीन दिवस बंद ठेवायची असं ठरलं होतं."

"ठेवली की."

"मग हे काय?"

"हे औषध नव्हे. ही गॅसची."

डॉक्टरांनी हात पुढं केला. अक्कांनी स्ट्रिप दिली, गोळी मात्र मुठीतच ठेवली. डॉक्टरांनी स्ट्रिप उजेडाकडे तिरपी धरून मागची बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली.

"कधीपासून घेताय?"

"झाली तीन वर्षं."

"रोज?"

"रोज जेवते, मग रोजच घेणार ना?"

"हल्ली दिवसातून किती?"

अक्कांनी सांगितलं. शंभूराज आईशेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. "आई, मी दोनदा विचारलं होतं तुला!"

"तू औषधाचं विचारलंस!"

डॉ. प्रतिमांनी स्टूल ओढलं, अक्कांच्या अगदी समोर बसल्या आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्का, हसा बघू एकदा."

"हसतेच आहे," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला.

"ऐका. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं. या गोळीत दोन औषधं आहेत. एक आम्ल कमी करतं, त्याचं काही नाही. दुसरं, लेव्होसल्पिराइड, ते पोटाला ढकलतं. कसं? आपल्या शरीरात डोपामिन नावाचा एक निरोप्या असतो. पोटात तो सांगत असतो, 'हळू, हळू.' ही गोळी त्याला दारातच अडवते. निरोप पोचत नाही आणि पोट चालू लागतं."

"म्हणून बरं वाटायचं."

"म्हणूनच. पण हाच निरोप्या मेंदूतही काम करतो, आणि तिथं तो उलट सांगतो. 'चल, हात हलव, पाऊल उचल, हस.' ही गोळी मेंदूतही जाते आणि त्याला तिथंही अडवते. मग हात थरथरतो, पाय घासतात, चेहरा थिजतो. दिसायला हुबेहूब पार्किन्सन."

शंभूराज खुर्चीवरून उठला. "म्हणजे आईला पार्किन्सन नाहीच?"

"आज तसं छातीठोक सांगणार नाही. गोळी थांबवायची आणि वाट बघायची. बऱ्याच जणांचं उतरतं. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. थोड्यांचं उतरत नाही, कारण खरा आजार आत दबा धरून बसलेला असतो. पण अक्का, मी पैज लावणाऱ्यातली असते ना, तर तुमच्यावर लावली असती."

कितीतरी दिवसांनी अक्कांना श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. रघुजीमामांची खुर्ची खिडकीपासून जरा दूर सरकली होती.

"आणि त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या?" शंभूराजनं विचारलं.

"त्या डोपामिन वाढवतात. म्हणजे एक गोळी निरोप्याला अडवतेय, दुसरी त्याला पाठीमागून ढकलतेय, आणि ही रस्सीखेच चाललीय अक्कांच्या अंगावर. त्या गोळ्यांनी मळमळही होते, पोटही मंदावतं. पण त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. मी आत्ताच त्यांच्याशी बोलते. कमी करायच्या त्या हळूहळू, ते सांगतील तशा."

"चूक माझीच," अक्का म्हणाल्या. "मीच खाल्ल्या."

"थोड्या दिवसांसाठीची गोळी तीन वर्षं विकणारंही कुणी होतं. दोष वाटत बसलो तर इडली थंड होईल." डॉक्टरांनी हात पुढं केला. "ती मुठीतली द्या इकडं."

अक्कांनी मूठ उघडली. "मग इडली?"

"पुढच्या आठवड्यात. आज तुमचं मोजमाप चुकीचं येणार. घरी जा, आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप याच्या हवाली करा."

पुढच्या आठवड्यात अक्कांनी ती इडली खाल्ली. चटणी नाही म्हणून तंत्रज्ञाला दोन शब्द सुनावले आणि दुपारपर्यंत कॅमेऱ्यापुढं जाऊन-येऊन फोटो काढून घेतले. चार तासांनंतरही बरीचशी इडली पोटातच होती. "पाहुणी म्हणून आली आणि मुक्काम ठोकून बसली," असं त्यांनी आसावरीला फोनवर सांगितलं. म्हणजे पोट खरोखरच मंद होतं. गॅस नव्हता, आणि गॅसच्या गोळीवर भागणारंही नव्हतं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. गोळीचा आधार सुटल्यावर पोटानं उट्टं काढलं. एकदा तर अक्का मेडिकलपर्यंत गेल्या. मेडिकलवाल्यानं त्यांना पाहताच हात मागच्या कप्प्याकडे नेला, "नेहमीचं ना, अक्का?" एका वाक्याचं काम होतं. पोट शांत झालं असतं, संध्याकाळी दोन पोळ्या गेल्या असत्या. अक्का काउंटरला धरून उभ्या राहिल्या. ती आईच्या मागं लपलेली मुलगी त्यांना आठवली.

"नको. आणि हे बघ, आणखी कुणी चिठ्ठीशिवाय मागितली तरी देऊ नकोस. विचार आधी, किती दिवस घेताय म्हणून."

"का हो, काय झालं?"

"स्वल्प बस, सांगते," म्हणत त्यांनी तिथंच, ओआरएसची पाकिटं घेता घेता, त्याला निरोप्याची सगळी गोष्ट सांगितली. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. आपली आईही तीच गोळी घेते, असं तो शेवटी हळूच म्हणाला.

डॉ. प्रतिमांनी हृदयाचा ईसीजी काढला आणि तो नीट आल्यावर दुसरी गोळी दिली. डोम्पेरिडोन. तीही निरोप्याला अडवणारीच, पण मेंदूत फारशी न शिरणारी. "म्हणजे हिला आतल्या खोलीत प्रवेश नाही," अक्का म्हणाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "जवळजवळ नाही. तरी कमीत कमी द्यायची, थोडेच दिवस, आणि माझ्या डोळ्यांदेखत. तारीख संपली की गोळी संपली. ही मिठाच्या बरणीशेजारी ठेवायची नाही." खरं औषध मात्र ताटातच होतं, असंही त्या म्हणाल्या. एका वेळी पोटभर नाही, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. मऊ भात, पातळ पेज, ताक, गाळलेलं सार. तेल-तूप बेताचं. साखर ताब्यात. जेवून आडवं व्हायचं नाही, अंगणात फेऱ्या मारायच्या.

आसावरी एक दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ आणि डबाभर कोशिंबीर घेऊन आली. शंभूराजनं तिला दारातच अडवलं.

"उसळ नाही चालायची. कच्चंही नाही."

"पण फायबर! पोटाला फायबर चांगलं असतं ना?"

"चांगल्या पोटाला चांगलं," आतून अक्का म्हणाल्या. "मल्हार, इकडं ये. तुझ्या आईला शिकवायचंय. तुमच्या घरी ग्राइंडर आहे ना, डोशाचं पीठ वाटायचा?"

"आहे. फार आवाज करतो."

"पोट तसंच. आत आलेलं वाटतं, बारीक करतं, आणि बारीक झालं की मगच खाली सोडतं. माझा ग्राइंडर हळू फिरतो. त्यात तू एकदम सगळे तांदूळ ओतलेस तर?"

"अडकेल."

"मग काय करायचं?"

मल्हारनं विचार केला. "थोडे थोडे टाकायचे. आणि पाणी घालायचं. आणि दोरे-बिरे काही टाकायचे नाहीत."

"शाब्बास! ऐकलंस, आसावरी? भोपळा सोलून, शिजवून, घोटून आण. तो चालेल."

"सरी, अक्का," आसावरी म्हणाली आणि मल्हार खिदळला. "आई, तू कन्नड बोललीस!"

दिवस गेले तसा हात शांत होत गेला. अक्का कपातली कॉफी न सांडता ओठापर्यंत नेऊ लागल्या. चप्पल घासायची थांबली. मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या कमी होत होत बंद झाल्या, आणि तरी काही बिघडलं नाही तेव्हा ते डॉक्टर स्वतःच म्हणाले, "इतकं मोकळं मलाही बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं."

राहिला चेहरा. त्याचा अक्कांना भरवसा नव्हता. आरशात त्या रोज तोंडं करून पाहायच्या, पण आरशातल्या बाईला आधीपासून ठाऊक असतं, तोंड कसलं आहे ते. शंभूराजला विचारलं तर तो म्हणायचा, "छान दिसतोय, आई." मुलं आईला आणखी काय सांगणार? आसावरी दर आठवड्याला वर्गाचं विचारायची आणि अक्का दर आठवड्याला म्हणायच्या, "अजून नको. मुलांना एकदा भीती बसली की जात नाही. मला ठाऊक आहे."

एका दुपारी त्या यशवंतपूरला चुलत बहिणीकडे निघाल्या होत्या. बस भरलेली होती, पण एका पोरसवद्या मुलीनं उठून त्यांना खिडकीची जागा दिली. पुढच्या सीटवर एक बाई बसली होती आणि तिच्या खांद्यावरून एक बाळ मागं पाहत होतं. सात-आठ महिन्यांचं असेल. डोळ्यांत ठसठशीत काजळ, गालावर तीट. ते अक्कांकडे टक लावून बघत होतं. बाळं बघतात तसं, लाजलज्जा सोडून.

अक्कांना सवयीनं राहवेना. त्यांनी गाल फुगवले, डोळे मोठे केले, आणि फुस्सकन हवा सोडली.

बाळ गंभीर राहिलं. बाळाला खोटं बोलता येत नाही. आईचं मन राखायला ते "छान" म्हणत नाही.

मग बाळाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि एकदम सगळं बाळच हसलं, बोळकं उघडून, पोट घुसळून, आईच्या खांद्यावर उड्या मारत.

अक्कांचा विश्वास बसेना. त्यांनी शिक्षिकेसारखी उलटतपासणी घेतली. खालचा ओठ बाहेर काढला, भुवया पाडल्या, रडवेलं तोंड केलं. बाळाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याचा ओठ थरथरला, डोळे भरून आले, भोकाड पसरायच्या बेतात आलं. अक्कांनी घाईघाईनं हसू आणलं. बाळ पुन्हा खुदकन हसलं. बटण दाबल्यासारखं. जे तोंड करावं ते तिकडं पोचत होतं!

बाळाची आई मागं वळली. "अक्का," ती कन्नडमधून म्हणाली, "रडवू नका हो त्याला. आत्ता कुठं गप्प झालंय."

"नाही रडवत, तायी. एकदाच बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

यावर काय सांगणार? अक्कांनी पर्समधून फोन काढला आणि आसावरीला लावला.

"रविवारी वर्ग किती वाजता असतो हल्ली?"

"अक्का? दहाला. का? काय झालं? आवाज असा का येतोय, रडताय का तुम्ही?"

"हसतेय गं बाई!"

"खरंच?"

"आता फोनवरून कशी दाखवू? रविवारी ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मुलांना सांग, नवीन गोष्ट आहे म्हणून."

"कुठली?"

अक्कांना अजून काहीच सुचलेलं नव्हतं. पुढच्या सीटवरून बाळ त्यांच्या नाकाकडे हात लांबवत होतं. त्याला आणखी हवं होतं.

"ठरवते," अक्का म्हणाल्या आणि फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी पुन्हा एकदा गाल फुगवले.